झोपलेल्या करांद्याला पाणी

प्रिय आई,

आज अक्षय तृतीया. डोंबिवलीच्या घरी, तुझ्याच पलंगावर बसून हे लिहितेय. अंगावर तुझी निळी सुती साडी आहे. बाबा स्वयंपाकघरात चहा करतायत, म्हणजे साखरेचा डबा शोधतायत. आज सकाळी आपल्या घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला घोडबंदरला माझ्या घरी परत जाववणार नाही. सवयीने फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि मग तो पालथा ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तू शाळेतली बाई होतीस हे मला माहीत आहे, पण आज शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढू नकोस, प्लीज!

गोष्ट तुझ्या करांद्याची आहे. दुसरी कशाची असणार?

गच्चीवरचा तो निळा, अर्धा कापलेला ड्रम. त्यात तुझ्या आईने, आमच्या गुहागरच्या आजीने, तुझं लग्न झाल्यावर हातावर ठेवलेला करांदा. लोक लेकीला पैठणी देतात, तुला कंद मिळाला! दर पावसाळ्यात त्याची वेल टाकीच्या पाइपावरून चढायची आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या धरायची. गणपती झाले की पानांच्या बगलेत करांदे लोंबायला लागायचे, खडबडीत सालीचे, बटाट्याएवढे. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायची, मार्गशीर्षात वेलीची काडी व्हायची आणि खाली मातीत मूळ कंद झोपी जायचा. गुहागरचं घर विकलं गेलं, मामा गेला, परसातली विहीरसुद्धा बुजवली. आजीच्या हातचं जे काही उरलं होतं ते त्या ड्रममध्ये होतं.

आणि सोसायटीशी तू केलेली ती भांडणं! दरवर्षी सेक्रेटरी जिन्यात नोटीस लावायचे, गच्चीवर माती ठेवू नये, स्लॅब गळतो. तू नोटीस वाचायचीस, घरी यायचीस, करांदे उकडायचीस, मीठ लावून वाटीभर त्यांच्याकडे पाठवायचीस. पुढच्या वर्षीपर्यंत नोटीस गायब. वाटी मात्र कधी परत आली नाही, असं बाबा अजून म्हणतात.

मी कॉमर्सवाली. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात विम्याच्या क्लेमच्या फायली तपासणारी. तरी पानात काय चालतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण तू मला दुसरं काही बोलूच दिलं नाहीस. आपल्या घरात आयोडीन जखमेला कमी आणि जेवणाला जास्त लागलं. भातावर एक थेंब, भात निळाकाळा. बटाट्यावर थेंब, तोही तसाच. काकडीला काही होत नाही. "बघ, हिने काही साठवलेलंच नाही," असं तू काकडीकडे बघून म्हणायचीस, जशी काही ती वाया गेलेली मुलगी आहे.

मावशीकडचा पेढा आठवतो? पाहुणे बसलेले, मावशीने ताट पुढे केलं, आणि मी शाळेच्या दप्तरातली बाटली काढून पेढ्यावर थेंब सोडला. पेढा निळा! मावशीने ताट मागे ओढलं. तू तरी सावरून घ्यायचंस ना! तर तू शांतपणे म्हणालीस, "अगं, खव्यात स्टार्च आहे. तुझी काही चूक नाही, दुकान बदल." मावशीने आपल्याला दिवाळीलासुद्धा बोलावलं नाही त्या वर्षी. बाबा हसून हसून खोकत होते, तेही तिच्याच दारात.

आणि ते पान. तू जास्वंदीची कुंडी माळ्यावर अंधारात कोंडून ठेवलीस म्हणून मी रडले होते. "आधी त्याच्यातला साठा संपू दे," म्हणालीस. मग काळ्या कागदातून माझ्या नावाचं पहिलं अक्षर कापून काढलंस, तो कागद एका पानावर चिमट्याने लावलास आणि कुंडी दिवसभर उन्हात ठेवलीस. संध्याकाळी ते पान गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये उकळलंस. बाबा खिडक्या उघडत फिरत होते, "अगं, घर पेटवशील!" पान पांढरंफटक झालं. त्याच्यावर आयोडीन टाकलं, आणि पानावर काळंभोर "मं" उमटलं. जिथे ऊन लागलं तिथेच स्टार्च झाला होता. मी तुझ्याकडे अशी बघत राहिले की पुढे कुठल्याही जादूगाराने मला काही दाखवावं असं उरलंच नाही.

तेव्हा मी विचारलं होतं, झाड साखर करतं ना, मग साखरच का नाही ठेवत? तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "साखर म्हणजे हातातला घास. पाण्यात विरघळते, इकडून तिकडे जाते, लगेच लागते. स्टार्च म्हणजे वाळवण. विरघळत नाही, सांडत नाही, ठेवलं तिथे राहतं. दिवसा पानात जे उरतं त्याचं वाळवण घालायचं, आणि रात्री ते मोडून त्याची परत साखर करायची. थोडी पानाने खायची, बाकीची खाली कंदाकडे धाडायची. कंद तिचं पुन्हा वाळवण घालतो." एवढं सांगून पोळी उलटलीस. माझ्या आयुष्यात मला इतकं सोपं दुसरं काही कुणी समजावलं नाही, आणि मी तुला ते कधी म्हटलंही नाही.

एक गोष्ट मात्र तू फार उशिरा सांगितलीस. पानाला म्हणे रात्र किती मोठी आहे ते कळतं. साठा थोडा असला तर ते हात आखडून खातं, बरोबर पहाटेपर्यंत पुरवतं. हे तू मला हॉस्पिटलात सांगितलंस. मी तुझ्या पायांना तेल लावत होते, पाय कसले, काड्या. तू माझ्या हाताकडे बघत होतीस आणि तुझा तास चालू होता. "आपलं तसं नसतं मंजू. आपल्या यकृतात जेमतेम एका दिवसाचं वाळवण असतं. ते संपलं की शरीर घराच्या भिंतीच खायला लागतं."

असं कुणी आपल्या लेकीला सांगतं? मला तेव्हा इतका राग आला तुझा! तुला दुखत होतं, घास गिळवत नव्हता, आणि तू मला धडा शिकवत होतीस. रडली असतीस तर मीही रडले असते. आपण दोघी नीट रडलोच नाही गं. तू शिकवत राहिलीस, मी माना डोलवत राहिले, आणि शेवटचा तास कधी संपला ते कळलंच नाही.

आणि घोडबंदरला का आली नाहीस? मी खोली रिकामी केली होती, लिफ्ट होती, खाली चोवीस तास मेडिकल होतं. इथे जिना चढताना दर मजल्यावर स्टुलावर बसायचीस. "वेल अजून हिरवी आहे, ती आडवी झाली की येते," म्हणालीस. करांद्यासाठी तू लेकीकडे आली नाहीस! वेल आडवी झाली आणि तूही झालीस. आलीस ती थेट हॉस्पिटलात, तुझी ती तपकिरी पर्स काखेत मारून, चेन अर्ध्यावर अडकणारी. ठाण्याहून मी तुला चांगली नवी पर्स आणली होती. ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. "हिची चेन तेवढी दुरुस्त करून घे ना," असं मी किती वर्षं कानीकपाळी ओरडले. "अडकते, म्हणून तर आतलं पडत नाही," हे तुझं ठरलेलं उत्तर.

आता बाबांबद्दल. हे तुला नीट ऐकायचं आहे, मधे बोलू नकोस.

हॉस्पिटलात ते दिवसभर तुझ्या कॉटपाशी उभे असायचे. खुर्ची असूनही उभे. सिस्टर आल्या की बाजूला सरकायचे, गेल्या की परत तिथेच. "मी काय करू? मला काहीतरी सांग ना," असं तुला सारखं विचारायचे. एकदा तू डोळे न उघडता म्हणालीस, "गच्चीवर पाणी घाला हो." तुला ते घरी जायला हवे होते, आंघोळ करायला, थोडं पडायला. हे मला कळलं. त्यांना नाही कळलं. ते निघाले ते सरळ घरी, गच्चीवर गेले आणि ड्रमला पाणी घातलं.

त्या वेळी वेलीची काडी झालेली होती, आई. पौष चालू होता. तूच म्हणायचीस ना, "झोपलेल्या करांद्याला पाणी घालायचं नाही. त्याचा डबा भरलेला आहे, त्याला काही नको. अक्षय तृतीयेपर्यंत त्याला विसरून जायचं." हे तू मला सांगितलंस, आजीने तुला सांगितलं. बाबांना कुणी सांगितलंच नाही. ते जन्मभर ड्राफ्ट्समन, त्यांना जे सांगाल ते रेषेवर रेष करणार. आणि त्यानंतर तू त्यांना दुसरं काही सांगितलंच नाहीस.

तू गेलीस, आणि बाबांचं पाणी सुरू झालं. रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, तुझा तो पितळी तांब्या घेऊन ते गच्चीवर जायचे. आठवड्यातून एकदा आपल्याकडे पाणी येत नाही, त्या दिवशी ते आदल्या दिवशीची बादली झाकून ठेवायचे. तांदूळ धुतलेलं पाणीही वाया जाऊ द्यायचे नाहीत. फोनवर मला सांगायचे, "घातलं गं पाणी. अक्षय तृतीयेला कोंब येतो ना? येऊ दे एकदा. तिचा हात आहे त्यात." बाकी ते काही बोलायचेच नाहीत. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचे. पाण्याबद्दल विचारलं की मात्र आवाज बदलायचा.

मला आठवायला उशीर झाला. होळीला आले तेव्हा गच्चीवर गेले आणि ड्रममध्ये बोट घातलं, तर चिखल. वास आला. तोच, पावसाळ्यात टोपलीच्या तळाशी विसरलेल्या बटाट्याचा येतो तो. बाबा खाली दूध आणायला गेले होते. मी हाताने माती उकरली. कंद होता तिथेच, पण बोट आरपार गेलं. आतलं सगळं पाणी झालं होतं. इतक्या वर्षांचं वाळवण, आई, तुझं आणि आजीचं, आणि माझ्या नखांत काळं काळं. मी माती परत सारखी केली, हात धुतले, आणि बाबा आले तेव्हा त्यांच्यासमोर दुधाचं पातेलं धरून उभी राहिले.

त्यांना सांगू कसं? काय सांगू? की तिने सांगितलं म्हणून तुम्ही रोज जे घातलंत, त्यानेच ते गेलं? आधीच त्यांची मान वाकलीय. मला वाटलं, हे ऐकून ते गच्चीवरून खाली येतील आणि मग कुठेच जाणार नाहीत.

म्हणून मी ठरवलं, लबाडी करायची. दुसरा करांदा आणायचा, गुपचूप पुरायचा, कोंब आला की झालं. तू गेल्यावर मी इतकी हुशार झालेय! डोंबिवलीचा बाजार पालथा घातला. कल्याणला गेले. शेवटी कोपरजवळ एक आगरी मावशी रस्त्याकडेला अळूची पानं घेऊन बसतात, त्यांना विचारलं. त्या हसल्याच. "आता कुठशी करांदे, ताई? थंडीन येतान ते." मी म्हटलं, एखादा जुना, सुकलेला तरी? तर म्हणाल्या, "हायेत ते पेरायला ठेवलेत घरान. ते कसे देऊ?" आणि खरंच आहे. पेरायला ठेवलेलं कोण कुणाला देतं? तुला मागितला असता तर तू तरी दिला असतास का?

त्यामुळे आज मी इथे आले ती काही कोंब बघायला नाही. सगळं सांगून टाकायचं, एवढंच ठरवून आले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही कामाला आलं नाही.

बाबांनी सकाळीच तयारी करून ठेवली होती. मातीचा घट, पांढरं वस्त्र, वर आंबा. आज गेलेल्यांच्या नावाने पाण्याने भरलेला घट द्यायचा असतो ना. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी जित्यांच्या नळाला पाणी येऊ दे. देवळात नेण्याआधी बाबा म्हणाले, "आज तिची साडी नेस ना. ती निळी." मग म्हणाले, "पण आधी वर जाऊन येऊ."

आम्ही गच्चीवर गेलो. ऊन आत्ताच चटके देत होतं. त्यांच्या हातात तांब्या होता. ड्रमपाशी ते उभे राहिले, मी तोंड उघडलं आणि "बाबा, तो करांदा..." एवढंच म्हटलं.

"गेला," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं.

"मला कधीच कळलंय मंजू. शिमग्याच्या आधीच. वास येतोय ना. मी काय नाक कापून बसलोय?"

"मग रोज पाणी...?"

त्यांनी ड्रमच्या कडेवरची माती बोटाने आत सारली. मग म्हणाले, "तिने घाला म्हणून सांगितलेलं. थांबवा म्हणून कुठे सांगितलं?"

आई, का गं असं केलंस? जाताना माणूस कपाटाच्या किल्ल्या देतं, तू त्यांना पाण्याचा तांब्या दिलास, आणि तो खाली कधी ठेवायचा ते सांगितलंच नाहीस! मी तिथे उन्हात उभी राहून रडले. तुझ्यासाठी जेवढं रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं. बाबा मला थोपटत नव्हते. तांब्या दोन्ही हातांनी धरून उभे होते. मग त्यांनी ते पाणी शेजारच्या कढीपत्त्याला घातलं आणि म्हणाले, "चल, साडी नेस. उशीर होतोय."

मी या खोलीत आले. तुझं कपाट उघडलं. तुझ्या साड्या अजून ताठ आहेत गं. भाताच्या पेजेची ती खळ तू स्वतः करायचीस, बाहेरची कधी आणली नाहीस. "तांदळाने स्वतःसाठी जमवलेलं, ते मी नेसते," म्हणायचीस. त्या खळीला कसर लागलीय. खालच्या घड्यांना बारीक बारीक भोकं पडलीत. धुऊन ठेवायला हव्यात, पण धुतल्या की तुझ्या हातची खळ निघून जाईल. बाबा म्हणतात, राहू दे, खातेय तर खाऊ दे तिला. निळी तेवढी वाचलीय. घडी मोडताना तिचा तो कडकड आवाज आला आणि मी क्षणभर दाराकडे बघितलं, तू आलीस की काय म्हणून.

साडी नेसायची म्हणून दार लावलं. तुझ्या खोलीचं दार आपण कधी लावत नाही. ते कायम भिंतीला टेकलेलं असतं, आणि त्याच्या मागच्या खुंटीवर तुझी पर्स. बाबांनी ती हॉस्पिटलातून आणून तिथे अडकवली ती अडकवली. कुणाला हात लावू देत नाहीत, केर काढणाऱ्या बाईंनाही नाही. दार लावलं आणि पर्स समोर आली.

त्या अर्ध्या उघड्या चेनमधून काहीतरी बाहेर आलं होतं.

मला आधी वाटलं वायर आहे, मोबाइलच्या चार्जरची. पांढुरकी, टोकाला जांभळट. हातभर लांब. खाली लोंबून ती परत वर वळली होती, दाराच्या बिजागरीकडे, जिथून उजेडाची बारीक चीर येते तिकडे. मी जवळ गेले. टोकाला एक मिटलेलं पान होतं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

"बाबा!" मी अशी ओरडले की शेजारच्या काकूंनीही बेल वाजवली.

बाबा आले, अर्धी नेसलेली मी, आणि खुंटीवर ते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पर्स अशी अलगद उतरवली की मला माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळची त्यांची ओंजळ आठवली. पलंगावर ठेवली. चेन पुढे सरकत नव्हती, मागे येत नव्हती. जेवढी उघडी होती त्यातूनच मी हात घातला. तुझा कंगवा, त्यात तुझे केस. दोन आल्याच्या वड्या. आणि तळाशी तो, सुरकुतलेला, साल सैल पडलेला.

मग मला आठवलं. आधी तपासणीला आलो होतो तेव्हा तिथल्या एक सिस्टर तुला म्हणाल्या होत्या, करांदा म्हणजे नेमकं काय हो मॅडम? आणि तू म्हणाली होतीस, पुढच्या वेळी दाखवायला आणते. वेलीवरचा शेवटचा तू आणला होतास, आणि दाखवायचं राहून गेलं. पौषापासून तो तिथे अंधारात पडून होता. माती नाही, पाणी नाही, कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची वेळ झाली, त्याने आपला डबा उघडला, आजवरचं वाळवण मोडून त्याची साखर केली आणि उजेड कुठे आहे ते शोधायला निघाला. आणि मी कानीकपाळी ओरडत होते ती चेन जर धड लागली असती ना, तर तो आतल्या आतच वळवळून राहिला असता. तू जिंकलीस, जा!

बाबांनी तो तळहातावर घेतला. म्हणाले, "काहीच वजन उरलं नाही गं याला."

हेच वाक्य, आई. तुला कॉटवरून स्ट्रेचरवर उचलून ठेवलं तेव्हा ते हेच, याच आवाजात म्हणाले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला तुला खरं सांगायचंय, तो कोंब बघून मला आनंद झाला तसा रागही आला. याच्या साठ्यातून वेल निघते. तुझा साठा संपला तेव्हा काय निघालं? काही नाही. भिंती खाऊन झाल्या आणि तू गेलीस. तुझ्या सगळ्या धड्यांत याचं उत्तर नाही. असलं तर मला ते कुणीतरी आयोडीन टाकून दाखवा.

मग बाबांनी विचारलं, आणि किती हळू विचारलं म्हणून सांगू, "मंजू, याला आता पाणी घालायचं का?"

पहिल्यांदा ते विचारत होते. मी म्हटलं, "हो बाबा. आता तो जागा झालाय. आता घालायचं."

देवळात उशिरा गेलो. ड्रममधली सगळी माती काढून टाकली, सेक्रेटरींच्या देखत. नवी माती, तळाला विटांचे तुकडे, पाणी साठू नये म्हणून. ड्रमच्या बुडाची जुनी भोकं बुजली होती, बाबांनी स्वतः नवी पाडली, आधी पेन्सिलीने खुणा करून, सारख्या अंतरावर. करांदा कोंबासकट पुरला, कोंबाला काठीचा आधार दिला, वर उन्हाला तुझी जुनी ओढणी बांधली. मग बाबांनी तांब्या उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावरच पाणी घातलं.

जगेल का? मला माहीत नाही. कोंब लांबलाय, फिकट आहे, ऊन सोसवेल न सोसवेल. आणि आता साठाही नाही. पानं हिरवी होऊन स्वतः कमवायला लागेपर्यंत उरलंय त्यात भागवायचंय त्याला. पुन्हा तेच, पहाटेपर्यंत.

पण त्याच्याहून मोठी काळजी दुसरीच आहे, आणि ती मी तुझ्यावर सोपवू शकत नाही. समजा जगला. मार्गशीर्षात वेल परत वाळेल. परत ते दिवस येतील जेव्हा पाणी घालायचं नसतं. तेव्हा बाबांनी काय करायचं?

तर ऐक, हा माझा शब्द. या वर्षी वेलीची काडी झाली की मी स्वतः येईन आणि तू जे त्यांना सांगितलं नाहीस ते मी सांगेन, "बाबा, झोपला तो. आता थांबा." तांब्या त्यांच्या हातातून घेईन. आणि त्यांना घेऊन घोडबंदरला जाईन. माझ्या बाल्कनीत मी मनी प्लांटसुद्धा जगवू शकलेले नाही हे तुला माहीतच आहे, त्यामुळे तिथे रोज पाण्यासाठी हाका मारणाऱ्या कुंड्या मी आत्तापासून लावून ठेवतेय. ते नाही म्हणाले तर तुझं नाव सांगेन. खोटं असेल, पण तू मला अडवायला इथे नाहीस.

बाबांना साखर सापडली वाटतं. हाक मारतायत. साडीला माती लागलीय, गुडघ्यांपाशी खळ मऊ पडलीय. धुणार नाही, इतक्यात नाही.

तुझीच,
मंजू